चित्राप्रमाणे

पंपाच्या पडद्यावर ‘५.०’ उमटलं आणि चुआंग यूलानचा हात बटणावरच थांबला.

तिच्या पंपांवर असं कधी दिसत नसे. पाच म्हणजे नुसता पाच. तिने आकडा पुसून पन्नास टाकला, ‘५०’ आलं ते दोन पावलं मागे सरून पाहिलं, मग पुन्हा पाच टाकला. खिडकीतून तैवानमधल्या ताइचुंग शहराचं दुपारचं ऊन थेट पडद्यावर येत होतं. त्या उजेडात मधला ठिपका जवळजवळ विरून गेला होता.

बारा वाजायला आले होते. दोन वाजता हा प्रोग्राम चाळीस पंपांत भरायचा होता आणि संध्याकाळी ते पंप चाचणीसाठी इस्पितळाकडे निघायचे होते.

रुग्णाच्या शिरेत थेंबाथेंबाने औषध सोडणारे पंप ही कंपनी बनवत असे. पडदा कसा दिसावा याचं चित्र वरच्या मजल्यावर तयार होई आणि खाली यूलान ते चित्र समोर ठेवून कोड लिही. एकोणीस वर्षं तिने हेच केलं. तीन महिन्यांपूर्वी नवी व्यवस्था आली. आता चित्राच्या फाइलमधूनच कोड तयार होत असे. वर एक रेघ हलली की पंपावरची रेघ हलायची. ‘आम्ही काढलं एक, तुम्ही केलं भलतंच’ हे दोन मजल्यांचं जुनं भांडण मिटलं. चित्र आणि पंप ताडून पाहणाऱ्या तपासणीने आज सकाळीच सगळीकडे हिरवी खूण दिली होती. शंभर टक्के जुळतं. महिनाअखेरीला यूलान मुदतीआधीच निवृत्त होणार होती.

कोड बनवणाऱ्या त्या यंत्राची चूक नव्हती. ते चित्राशी इमान राखून होतं. इमान राखलं नव्हतं ते यूलानने.

अकरा वर्षांपूर्वी एका वॉर्डात शी नावाच्या परिचारिकेने तिला पंपासमोर उभं केलं होतं. “दिवसभर पाच पॉइंट शून्य बघून डोळ्याला सवय लागते हो,” ती म्हणाली होती. “मग कुणी चुकून पन्नास टाकलं, तरी मेलं पाच पॉइंट शून्यच वाटतं. परवा थोडक्यात वाचला पेशंट.” दसपट औषध. यूलानने तेव्हाच्या चित्रकाराला सांगितलं. पुढच्या आवृत्तीत बघू, म्हणाला. आवृत्ती आली, बदल आला नाही. मग यूलानने कुणाला न विचारता आपल्या कोडमधून तो शून्य उडवला आणि तपासणीच्या कागदावर ‘चित्राप्रमाणे’ लिहून सही केली. पुढे जे जे खटकलं, ते ती असंच सुधारत गेली. सही दर वेळी तीच.

साडेबाराला रोजच्या विश्रांतीसाठी दिवे मालवले गेले. डबे उरकून सगळे टेबलावर उशा टाकून डुलकीला लागले. यूलान वरच्या मजल्यावर गेली आणि पेईरूच्या खांद्याला हात लावला. चार वर्षं चित्रं हीच पोरगी काढत होती.

“ताई? काय झालं?”

“हळू बोल. दहाखालच्या आकड्याला चित्रात कायम एक दशांश ठेवला आहेस?”

“आधीपासूनच तसा आहे. का?”

यूलानने सगळं सांगितलं. पेईरूच्या गालावर उशीचा वळ उठला होता, तो तसाच लाल राहिला.

“म्हणजे चार वर्षं मी काढत होते ते पंपावर जातच नव्हतं?”

“बहुतेक जात होतं.”

“बहुतेक.” पेईरूने उशी बाजूला सारली. “मला एकदा सांगितलं असतंत तर मी बदललं नसतं का? मी मीटिंगमध्ये सांगत फिरते, आमच्या चित्रावर आजवर एक तक्रार नाही. तुम्ही खाली बसून हसत असाल.”

“हसले नाही गं. सांगण्यापेक्षा करून टाकणं सोपं होतं. तेवढंच.”

पेईरू उठली. ती यूलानमागे जिना उतरली.

व्यवस्थापक च्येन साहेब केबिनमध्ये अंधारात चहा पीत होते. त्यांनी ऐकून घेतलं, पंपाच्या खोलीशी येऊन दारातूनच डोळे बारीक करून पाहिलं.

“पाच पॉइंट शून्य. मला तर दिसतंय नीट.”

“तुम्ही जेवून, निवांत उभे आहात, साहेब. बारा तास पायावर काढलेल्या बाईचं काय?”

“यूलान ताई, रागावू नका. महिनाअखेरीला तुम्ही जाणार. हे यंत्र आलं म्हणून जाणार. आणि यंत्रातली खोट आजच, दोन तास आधी तुम्हालाच सापडते. लोक काय म्हणतील?”

“म्हणतील, म्हातारीला खुर्ची सोडवत नाही.”

“मग? तोंडी सांगण्यावर मी चाळीस पंप अडवू? काही लेखी आहे?”

आहे. यूलानला ते माहीत होतं, आणि ते उघडलं की काय होईल हेही. एकला वीस मिनिटं कमी होती. तिने आपला जुना कोड उघडला आणि पडदा साहेबांकडे वळवला. ओळीच्या वर तिचीच टीप होती: तारीख, वॉर्ड, परिचारिका शी यांचं नाव, आणि शेवटी ‘चित्रात नाही, मी बदललं’.

साहेबांनी ती दोनदा वाचली. “त्या वर्षीच्या तपासणीवर सही?”

“माझीच.”

“तुम्ही काय दाखवताय, कळतंय ना? हे मी दडपू शकत नाही.”

“दडपू नका. पंप थांबवा.”

त्यांनी हातातला कप खाली ठेवला. मग फोन उचलला आणि दोनचं काम रद्द केलं.

चौकशी आठवडाभर चालली. जुने पंप बरोबर होते, कागद खोटे होते. यूलानच्या नावावर लेखी ठपका बसला आणि निरोपाचं जेवण कुणी ठरवलं नाही.

पण तिने केलेल्या सगळ्या दुरुस्त्या शोधून मूळ चित्रात घालायच्या होत्या आणि त्या तिच्याशिवाय कुणाला सापडणार नव्हत्या. पेईरू आणि ती शेजारी बसल्या. पहिल्या दिवशी पेईरू कामापुरतंच बोलली. दुसऱ्या दिवशी तिने न विचारता यूलानसाठीही चहा आणला. एकेक दुरुस्ती चित्रात जाई, समोर कारण लिहिलं जाई, आणि पंपावर ती आपोआप उतरे. सव्वीस निघाल्या.

एकोणिसावीपाशी गाडी अडली. ‘थांबवा’ हे बटण यूलानने कधीतरी थोडं डावीकडे घेतलं होतं. टीप नव्हती.

“का घेतलंत?”

यूलानने पडद्यावर बोट ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. “काहीतरी होतं. आठवत नाही.”

“कारण रिकामं ठेवलं तर फाइल पुढे जात नाही, ताई.”

“मग काढून टाक.”

पेईरूने काढलं नाही. तिने चौकटीत टाइप केलं: ‘चुआंग यूलान यांना विचारावे.’

यूलानने ते वाचलं. महिना संपायला चार दिवस होते. तिने कीबोर्ड आपल्याकडे ओढला आणि त्यापुढे घरचा फोन नंबर लिहिला.