मानाचा खांदा

माझ्या नवऱ्याच्या रक्तात बाईचं हार्मोन वाढलेलं निघालं, आणि त्यावर काय करायचं हे त्याने डॉक्टरांना सोडून जिममधल्या चैतन्यला विचारलं. आमची वाट लागली ती तिथून.

नितेशच्या मेंदूखालच्या ग्रंथीवर गाठ होती. साधी होती, काढली, जीव वाचला. पण त्यानंतर शरीर स्वतःहून टेस्टोस्टेरॉन बनवेना, म्हणून इंजेक्शनं सुरू झाली. त्यांनी माणूस पुन्हा उभा राहिला. जोगेश्वरीच्या आमच्या बिन-लिफ्टच्या बिल्डिंगचे जिने तो शीळ घालत चढू लागला. माझे सासरे, काशीराम, दारात खुर्ची टाकून बसलेले असायचे. शीळ ऐकली की मला म्हणायचे, "अनुपमा, चहा टाक, पालखीवाला आला."

या पालखीवाल्यामागे सगळं घर होतं. संगमेश्वरजवळच्या आमच्या गावी शिमग्याला ग्रामदेवीची पालखी नाचवतात. तिच्या पुढच्या दांडीचा उजवा खांदा आमच्या घराचा. बाबा, म्हणजे सासरे, गिरणीत होते तेव्हा रजा टाकून जायचे, गिरणी बंद पडल्यावर वॉचमनकीला दांडी मारून जायचे. मग त्यांचे गुडघे गेले, नितेश आजारी पडला आणि खांदा चुलतभावाकडे, सौरभकडे गेला. बाबांना ते सलत होतं. "एकदा पालखी तुझ्या खांद्यावर बघू दे," नितेशला म्हणायचे, "मग त्याच खांद्यावर मला ने. मला कसली घाई नाही."

मधेच नितेशची छाती जरा भरली. शर्ट घासला तरी दुखायचं. सौरभने एका पूजेला सगळ्यांदेखत विचारलं, "काय रे, ब्लाउज शिवायला टाकू का?" सगळे हसले, नितेशही हसला. घरी येऊन त्याने आरशासमोर शर्ट काढला आणि बराच वेळ घातला नाही. माझं डोकं तिथेच सणकलं होतं, पण पूजेच्या पंगतीत काय बोलणार.

रक्त तपासलं तर इस्ट्रोजेन मर्यादेच्या थोडं वर. अंधेरीच्या श्वेता डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. "इंजेक्शनातलं थोडं टेस्टोस्टेरॉन शरीर इस्ट्रोजेनमध्ये बदलतं. ते पुरुषालाही लागतं. हाडांना लागतं, सांध्यांना लागतं, मनाला लागतं. तुमचं जरा वाढलंय, इतकंच. डोस कमी करून बघू, पुन्हा तपासू. ते शून्यावर न्यायचं नाहीये. आणि मनाने गोळ्या घेऊ नका."

नितेशने मान डोलावली. ही मान मला ओळखीची आहे. भाजीत मीठ जास्त झालंय का विचारलं की अशीच डोलावतो.

चैतन्यने त्याला इस्ट्रोजेन दाबायच्या गोळ्या आणून दिल्या. वर ज्ञानही दिलं. "यार, ते बायकांचं हार्मोन. आपल्यात जितकं कमी तितकं झकास. मॅडमना पुरुषाच्या बॉडीचं काय कळणार?" नितेशने डोस कमी केला नाही, श्वेता मॅडमकडे जाणं तेवढं बंद केलं. मी भांडले. गोळ्या लपवल्या तर त्याने नव्या आणल्या. पुढचा रिपोर्ट आला तेव्हा इस्ट्रोजेन इतकं खाली होतं की यंत्राला नीट मोजताही आलं नव्हतं. नितेश जिलेबी घेऊन आला. बाबांनी कशाची ते न विचारता दोन वेढे खाल्ले.

छातीची सूज उतरली. बाकीही बरंच उतरलं. सकाळी त्याची बोटं वळायची नाहीत, गुडघे कटकट वाजायचे. झोप गेली. रात्री मी हात पुढे केला की तो हळूच बाजूला ठेवायचा, रागाने नाही, कुणाची वस्तू परत करावी तसा. शीळ कधी बंद झाली ते माझ्या लक्षातही आलं नाही. बाबांच्या आलं. "आज पालखीवाला मुका आला," ते म्हणाले. नितेशला वाटत होतं, अजून कमी केलं की बरं वाटेल. असं करत दीड वर्ष गेलं.

या शिमग्याला आम्ही बाबांना गाडी करून गावी नेलं. देवळासमोर त्यांना खुर्ची दिली. नितेशने पांढरा सदरा घातला, सौरभकडून मान परत घेतला आणि पुढची दांडी उजव्या खांद्यावर घेतली. ढोल वाजू लागला. बाबा दोन्ही हात जोडून बघत होते, तोंड उघडं राहिलं होतं. नितेश वाकला, वळला, आणि पाय कुठे न अडकता, कुणाचा धक्का न लागता खाली गेला. सौरभने पालखी सावरली, देवी काही पडली नाही. आमचा माणूस तेवढा पडला.

खुब्याचं हाड मोडलं होतं. मुंबईला आणून ऑपरेशन केलं. श्वेता डॉक्टर आल्या, हाडांची तपासणी बघितली, मी पुढे केलेल्या गोळ्या बघितल्या आणि म्हणाल्या, "गाठीच्या काळात हाडं आधीच झिजली होती. इस्ट्रोजेन थोडं राहिलं असतं तर सावरली असती. ते या गोळ्यांनी संपवलं. आता गोळ्या बंद. पातळी भरून येईल, हाडांना वेळ लागेल. वजन उचलायचं नाही." तेव्हा चैतन्यही तिथे होता, मोसंबी घेऊन आलेला. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

बाबा नितेशच्या उशाशी बसले. "पालखीचं सोड रे," म्हणाले, "सौरभ नाचवेल. मला मात्र तूच न्यायचंस. तेवढा बरा हो." नितेश छताकडे बघत राहिला. त्याला रडूही येत नव्हतं.

बाबा थांबले नाहीत. वैशाखात, दुपारचे जेवून पडले ते उठलेच नाहीत. त्याच आठवड्यात नितेशचा रिपोर्ट आला होता. इस्ट्रोजेन जिथे असायला हवं तिथे होतं. मी तो बाबांना वाचूनही दाखवला होता आणि ते म्हणाले होते, "बघ, पोरगा भरून येतोय."

नितेशला खुर्चीवर बसवून आधीच खाली नेलं. जिना अरुंद, खांदेकरी दणकट हवेत. पुढे डावीकडे सौरभ होता. उजवीकडे कोण, असं कुणीतरी विचारलं आणि चैतन्य पुढे झाला. नको म्हणायला मी तोंड उघडलं. पण बाबांना किती वेळ तसंच ठेवणार होते? मी सरकून वाट दिली. खाली वॉकर धरून उभ्या नितेशने वडलांना चैतन्यच्या खांद्यावरून येताना पाहिलं.

अग्नी नितेशनेच दिला, मी आणि सौरभने त्याला दोन्हीकडून धरलं होतं.

परत आल्यावर दारात सगळे कडुलिंबाचं पान चावत होते. नितेश बाबांच्या खुर्चीत बसला. उजवा खांदा डाव्या हाताने चोळत त्याने चैतन्यला विचारलं, "बाबा जड होते का रे?"

चैतन्य खाली बघत होता. "नाही रे," तो म्हणाला. "काहीच वजन नव्हतं."

तेव्हा नितेशला रडू आलं.