कूस बदलताना

“बाई, माझ्या मायसाठी दुसरी कोणी आया द्या म्हणून सांगू का सिस्टरले?”

सात नंबरच्या पलंगापाशी उभ्या असलेल्या माणसानं असं विचारलं, तेव्हा कलावतीनं मान वर केली. भैयालाल. कोर्टात तीनदा पाहिलेला चेहरा. दीड वर्षापूर्वी सेक्टर ६ च्या वळणावर याच्याच मिनी ट्रकखाली तिचा नवरा पुंडलिक गेला होता. सायकलनं पहिल्या पाळीला प्लांटात निघालेला. भैयालाल जामिनावर सुटला. केस अजून चालूच होती.

पलंगावर त्याची आई होती. डावं अंग लकव्यानं गेलेलं, वाचाही गेलेली.

चौदा वर्षं कलावती या दवाखान्यात आया होती. तेरावं आटोपून ती कामावर आली, तेव्हापासून तिला काही वाटेनासंच झालं होतं. मुलगी उन्नती विचारायची, “आई, तू रडत कावून नाही? कुछ तो बोल.” आताही क्षणभर तिनं वाट पाहिली, आतून काही उसळतंय का म्हणून. काही उसळलं नाही.

“दुसरी कावून पाह्यजे?”

“तुमाले... मले पाहून...”

“पाणी थंड होऊन राहिलं. चादर धर तिकडून.”

अंग पुसताना म्हातारीच्या कमरेवर लाल चट्टा दिसला. कातडी सुटायच्या बेतात होती.

“हे कधीपासून?”

“चार दिवस झाले. घरी मी एकटाच. मले उचलता येत नाही नीट.”

“उचलायचं नसते. कूस बदलायची असते. दर दोन तासानं. घरी नेल्यावरही.”

तिनं त्याचा एक हात म्हातारीच्या खांद्याखाली लावला, दुसरा कमरेखाली. याच हातांत स्टिअरिंग होतं, एवढं तिच्या मनात आलं आणि गेलं.

म्हातारी अर्धी वळली, तोच त्यानं हात काढून जोडले. “बाई, मले माफ—”

म्हातारी कडेला घसरली. कलावतीनं गुडघा लावून तिला अडवलं.

“हात सोडू नको! माय पडन.”

त्यानं घाईनं पुन्हा धरलं.

“माफीचं मले काही समजत नाही अजून,” कलावती म्हणाली. “हे शिकून घे पहिले.”

दोनदा तिनं त्याच्याकडून करवून घेतलं. तिसऱ्यांदा त्याला एकट्याला जमलं. तिनं म्हातारीच्या पाठीशी उशी लावली, केस विंचरून वेणी घातली. म्हातारीनं चालत्या हातानं तिची दोन बोटं घट्ट धरली.

दोन वाजले. नीतू सिस्टर दारातून म्हणाली, “कलावतीबाई, ड्यूटी संपली ना? ऑटो निघून जाईल तुमची.”

“हाव.”

पण बोटं सुटली नव्हती. म्हातारीचा डोळा लागला होता. कलावती तशीच उभी राहिली.

भैयालालनं कोपऱ्यातलं स्टूल आवाज न करता आणून तिच्यामागं ठेवलं आणि तो दाराशी जाऊन उभा राहिला.

बऱ्याच वेळानं ती त्यावर बसली.