काचा दोन दिवस बंद

दाजींनी त्या दिवशी काचवाल्याचं कौतुक केलं, आणि खरं सांगायचं तर इथूनच सगळं बिघडलं.

दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मेहुणा कमी आणि तपासनीस जास्त. काचवाल्यानं त्यांच्या कपाटाला बसवलेली काच एकदा आठवड्यात निखळली होती. त्याला पंधरा वर्षं झाली, पण 'कामचुकार' हा शिक्का काही पुसला गेला नव्हता. आणि आज तेच दाजी आपल्या जुन्या गाडीच्या काचेवर टकटक करून म्हणाले, "या वेळी मात्र धड काम केलंस हो!" गडी पार विरघळला. पुढच्या सीटवरून ताईनं त्याला हळूच डोळा मारला.

काम झालंच होतं तसं. चारही दारांची रबरं उन्हानं तडकून कडक झालेली. गाडीनं वेग घेतला की वारा अशी शिट्टी घालायचा की आत बोलायचं तर ओरडावं लागे. काचवाल्यानं ती रबरं उपटली, खोबणी खरवडून साफ केल्या, साबणाचं पाणी लावून नवी रबरं अंगठ्यानं दाबत दाबत बसवली आणि कोपरे डिंकानं चिकटवले. नळीनं पाणी मारून बघितलं तर थेंब आत जाईना. डिकीचं रबरही फाटलं होतं, पण त्या मापाचं दुकानात नव्हतं. "ते पुढच्या वेळी," तो म्हणाला. निघताना मात्र त्यानं मोठ्या जाणकाराच्या थाटात बजावलं, "डिंक ओला आहे. दोन दिवस काचा खाली करायच्या नाहीत. आणि आत थोडा वास येईल, तो नव्या रबराचा. घाबरू नका."

दाजी नियमाचे पक्के. "करणार नाही," म्हणाले. दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून त्यांनी गाडी गरम केली आणि मग दाजी, सर्दीनं शिंकणारी ताई आणि मागच्या सीटवर त्यांची चार वर्षांची लेक ढमी, अशी तिघं अडीच तासांच्या प्रवासाला निघून गेली.

सव्वा तासानं काचवाला दुकान झाडायला लागला. कौतुकाचा अंमल अजून उतरला नव्हता, तोंडात गाणं होतं. गाडी उभी होती तिथे फरशीवर काळं पडलं होतं. काजळी. आता गाडीचा धूर मागच्या नळीच्या टोकातून बाहेर पडतो, तेव्हा काजळी पडायची तर गाडीमागच्या भिंतीपाशी. ही पडली होती हातभर अलीकडे, बरोबर डिकीच्या खाली, आणि तिच्यात गंजाचे पापुद्रे होते. म्हणजे सायलेन्सर फुटलाय. जुन्या गाडीचा फुटतोच, असं म्हणून त्यानं झाडू मारला, आणि पुढच्याच क्षणी त्याचा हात थांबला.

धूर डिकीखाली जमणार. डिकीचं रबर फाटलेलं. म्हणजे तो आत शिरणार. आजवरही शिरतच असणार, पण काचांच्या फटींतून वारा खेळायचा, धूर निघून जायचा. त्या फटी कुणी बुजवल्या? आणि काचा उघडू नका, वास आला तर घाबरू नका, हे कुणी सांगितलं?

बंद जागेत इंजिन चालू ठेवून झोपी गेलेल्या आणि परत न उठलेल्या माणसांच्या गोष्टी या धंद्यात सगळ्यांनीच ऐकलेल्या असतात. हा धूर माणसाला झोपच आणतो. आरडाओरडाही करू देत नाही.

त्यानं दाजींना फोन लावला. उचलला नाही. गाडी चालवताना फोन घेणार नाहीत, नियम! ताईला लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. घाईघाईत तिसऱ्यांदा भलताच नंबर लागला आणि कुणी अनोळखी बाई त्याच्यावर खेकसली. स्कूटरवरून मागे जावं तर ते केव्हाच सत्तर किलोमीटर पुढे गेलेले. "उचल गं बाई, उचल," तो दुकानात गोल गोल फिरत पुटपुटत होता.

पाचव्या वेळी ताईनं उचलला.

"काय रे छोट्या?" आवाज जड, लांबून आल्यासारखा.

"ताई, झोपली होतीस?"

"डुलकी लागली. डोकं ठणकतंय बघ. सर्दी..."

"ढमी कुठंय?"

"मागे आडवी झालीय. मघापासून गाढ झोपलीय, शहाणी माझी."

काचवाला ओरडला, "काचा उघड! आत्ताच्या आत्ता! आत धूर येतोय!"

"अरे, पण तूच म्हणालास ना की दोन दिवस..."

"स्पीकरवर घे. दाजींना दे!"

दाजींनी ऐकून घेतलं आणि जांभई दिली. "धूर? माझ्या गाडीत? दर सहा महिन्यांनी तपासून घेतो मी ही गाडी. नव्या रबराचा वास आहे, तूच सांगितलंस. आणि माझंही डोकं दुखतंय, ते तुझ्या या फोनमुळे. पोचलो की बोलू."

"दाजी, पाया पडतो तुमच्या..."

"अरे, तासाभराचा रस्ता राहिलाय. उगाच काहीतरी डोक्यात घेऊन बसतोस."

तासभर! हा माणूस मान हलवणार नाही, हे काचवाल्याला पुरतं ठाऊक होतं. स्वतःच्या गाडीत खोट आहे हे दाजी मेले तरी मानणार नव्हते. ते काय मानतील? पंधरा वर्षं ते एकच गोष्ट डोळे मिटून मानत आले होते.

"दाजी, मी फसवलं तुम्हाला."

"काय?"

"रबरं नवी नाहीत. भंगारातली घातली, पॉलिश मारून. डिंकही नीट लावला नाही. मागची काच कधीही निखळेल, ढमीच्या अंगावर पडेल. थांबा, आधी तिला बाहेर काढा. दारं आपटू नका, चारही सताड उघडी ठेवा."

"हरामखोरा!" ब्रेक करकचून लागला. "वाटलंच होतं मला! कामचुकार तो कामचुकारच! घरच्या माणसालाही सोडलं नाहीस!"

दार उघडल्याचा आवाज आला. दुसरं. तिसरं. मग ताईची हाक. "ढमे, ऊठ. ए ढमे." मग जरा मोठ्यानं. मग किंचाळून.

फोनवर नुसता रस्त्याचा आवाज येत होता. काचवाला खाली फरशीवरच बसला. फोन कानात रुतेल इतका दाबून धरला होता. "लांब ने तिला, ताई, गाडीपासून लांब ने," तो सांगत राहिला, पण ऐकायला पलीकडे कुणी होतं की नाही कोण जाणे. आयुष्यात एवढा घाबरला नव्हता तो. हेच अंगठे, त्याच्या मनात येत होतं, याच अंगठ्यांनी मी त्या फटी बुजवल्या.

मग ओकारीचा आवाज आला, आणि त्यामागून ढमीचं भोकाड. असलं सुंदर रडणं त्यानं कधी ऐकलं नव्हतं.

"छोट्या," ताई हुंदके देत म्हणाली, "उठली रे! एक ट्रकवाला थांबलाय, दवाखान्याची गाडी बोलावतोय. पण ह्यांना बघ ना, हे उतरले आणि बसलेच खाली. उभं राहता येईना त्यांना."

"फोन दे त्यांच्याकडे. झोपू देऊ नकोस!"

दाजींचा श्वास ऐकू आला. मग आवाज, पार बारीक झालेला. "पायच... पायच नाहीत रे मला. जरा पडतो."

"पडायचं नाही, दाजी! मी फसवलंय ना तुम्हाला? मग शिव्या द्या."

"उद्या देतो..."

"आत्ता द्या! भंगारातली रबरं घातली मी तुमच्या गाडीला. काय आहे मी?"

दाजी कसेबसे म्हणाले, "चोर."

"अजून?"

"नालायक."

"हो दाजी. पुढे?"

दाजी अडखळत, धापा टाकत त्याची सात पिढ्यांची लायकी काढू लागले. काचवाला ओल्या डोळ्यांनी प्रत्येक शिवीला "हो दाजी" म्हणत होता, आणि ते जरा थांबले की घाबराघुबरा होऊन पुढची मागत होता.