बांधतात कधी?

"पप्पा, थायलंड! तेरा ते पंधरा एप्रिल! अख्खा देश रस्त्यावर येतो आणि एकमेकांवर पाणी उडवतो!"

मी खालून ओरडत होते. पप्पा वर होते, मंडपाच्या आडव्या बांबूवर एक पाय टाकून, दातात दोरीचं टोक धरून. ते सोडल्याशिवाय त्यांना बोलता येईना.

"चौदा एप्रिलला?" शेवटी ते म्हणाले. "मग राजरत्न मंडळाच्या जयंतीचा मंडप कोण बांधंल? तू?"

"चंदूकाका बांधेल."

"मी?" खाली बांबू धरून उभा असलेला चंदूकाका म्हणाला. तो पप्पांचा धाकटा भाऊ आणि त्यांचा सगळ्यात जुना कामगार. "मी पण थायलंडला. पोरी, माझं तिकीट काढलंस ना?"

उल्हासनगर कॅम्प एकमधला चेटीचंडचा मंडप उतरवायचं काम चाललं होतं. सिंधी लोकांच्या नव्या वर्षाची मिरवणूक आदल्या दिवशी झाली होती. रस्त्यावर अजून फुलं आणि चेपलेले कागदी ग्लास पडले होते. माझी आठवीची परीक्षा संपली होती, त्यामुळे मी डबा द्यायच्या निमित्ताने येऊन तिथेच ठाण मांडलं होतं. कारण प्रश्न गंभीर होता. माझा दादा, भूपेश, जपानमध्ये ओसाकाजवळ एका कारखान्यात इंजिनियर आहे. त्याने फोन करून सांगितलं होतं, "यंदा तिघं या. तिकिटं माझ्याकडून, राहणं माझ्याकडे. कधी यायचं ते भाविका ठरवेल."

मी! आणि मी लगेच ठरवलं, जायचं तर एखाद्या सणालाच जायचं. जपान नाही तर दुसरा कुठला तरी देश, पण सण पाहिजे. कारण माझ्या पप्पांनी, महिपती मंडप डेकोरेटर यांनी, आयुष्यात एकही सण पाहिलेला नाही. गणपती बसायच्या आदल्या पहाटे ते शेवटची गाठ मारतात, अंबरनाथला घरी येऊन झोपतात, आणि विसर्जनानंतर गाठी सोडायला जातात. गेल्या डिसेंबरमध्ये शाळेच्या गॅदरिंगला मी अँकरिंग केलं, तेव्हा स्टेज त्यांनीच बांधलं होतं. माझ्या पहिल्या वाक्याला टाळ्या पडल्या तेव्हा ते पडद्यामागे एक हलणारा बांबू धरून उभे होते. "दिसली नाय," ते नंतर म्हणाले, "पण ऐकू आली. सगळ्या अंबरनाथला ऐकू आली."

"बरं, स्पेन!" मी फोनवर पुढचं वाचलं. "ऑगस्टच्या शेवटी. एकमेकांना टोमॅटो मारतात."

"भाव काय टोमॅटोचा तिकडं?" चंदूकाका.

"ऑगस्ट म्हंजे गणपतीचं काम," पप्पा.

"परत थायलंड. कार्तिकी पौर्णिमेच्या आसपास. नदीत दिवे सोडतात, पप्पा, हजारो!"

"तुळशीचं लग्न लागलं की माणसांची सुरू होतात. लग्नाचे मंडप कोण सोडंल?"

"म्हणजे सगळ्या जगाने सण तुमचं बुकिंग बघून ठेवलेत!"

पप्पा हसले. तेवढ्यात मंडळाचे मोटवानीशेठ थंड ताकाच्या पिशव्या घेऊन आले. सगळ्यांना एकेक दिली, आणि मग वर न बघता म्हणाले, "महिपती, एक बात थी. अगले साल से ट्रस लगा रहे हैं. वो अल्युमिनियम का रेडिमेड ढांचा. लडके लोग बोलते हैं फोटो अच्छा आता है. तू बुरा मत मानना हां."

"नाय शेठ," पप्पा म्हणाले. "बुरा काय मानायचं."

शेठ गेले. पप्पा दोरी कधीच कापत नाहीत, सोडवतात. काथ्या पुन्हा वापरता येतो. त्या दिवशी एकाच गाठीशी ते खूप वेळ थांबले. चंदूकाका माझ्याकडे न बघता पुटपुटला, "बांबू सोडणारं हे तिसरं मंडळ."

म्हणून मी जरा दमाने, दुसऱ्या दिवशी घरी जेवताना, माझा हुकमी पत्ता काढला. जुलै! पावसात मंडपवाला रिकामा असतो. आणि जुलैमध्येच दादाच्या जवळ, क्योतो शहरात, उंचच उंच रथांची मिरवणूक निघते. शेकडो वर्षं जुनी. सतरा तारखेला.

"आता काय बहाणा?" मी विचारलं.

पप्पा भात कालवत राहिले.

"मी तर चालले," आई म्हणाली. तिने दुपारीच शेजारच्या सुरुचीमावशीची बॅग मागून ठेवली होती. "यांना राहू दे इथं. गोदामात बसून दोऱ्या विंचरतील."

"शालन, मी तिकडं जाऊन काय करू?" पप्पा हळू म्हणाले. "लोकांच्या सणात हाताची घडी घालून उभा राहू? मला बघायची सवय नाय."

ते ताट उचलून आत गेले. गॅदरिंगपासून घरात कोणी शिंकलं तरी मी त्यावर दोन वाक्यं बोलते, हे सोडणार होते थोडीच! मी गॅलरीत जाऊन दादाला निरोप पाठवला: मिरवणुकीचा व्हिडिओ पाठव, एकदम भारी, पप्पा नाही म्हणतायत.

दादाने पाठवला, पण भलताच. एक गल्ली, पांढऱ्या बनियनमधली माणसं, लाकडी वासे, आणि ती माणसं दोरी गुंडाळतायत. बस्स. "अरे मिरवणूक पाठव ना," मी वैतागून व्हॉइस मेसेज रेकॉर्ड करायला लागले, "ही तर नुसती कामं..."

"थांब. मागं घे."

पप्पा माझ्या मागे उभे होते. ओल्या हातांनी. मी व्हिडिओ मागे घेतला. त्यांनी फोन माझ्या हातातून काढून डोळ्यांजवळ नेला.

"खिळा नाय?"

दादाने खाली लिहिलेलं मी वाचून दाखवलं. "नाही. रथाचे जोड सगळे दोरीचे. वर माणसं बसतात, रस्त्यात वळवतात, तरी तुटत नाही."

"दोरी कसली?"

"भाताच्या पेंढ्याची."

"पेंढ्याची," पप्पा म्हणाले. "गावाकडं, चामटोलीला, माझा आजा वळायचा." त्यांनी व्हिडिओ पुन्हा लावला. मग पुन्हा. "ही माणसं बांधतात कधी?"

"दहा तारखेपासून. पण मिरवणूक सतराला आहे, आपण सोळाला पोचलो की..."

"नऊचं तिकीट काढ. सोळाला घरी पायजे मी. सतराला आपल्या गणपतीची मुहूर्तमेढ हाय."

"पप्पा! त्या मंडळाने तर यंदा ट्रस ठरवलाय!"

"ट्रसची मेढ करतात व्हय? मेढ बांबूचीच लागते. बोलावलंय मला." मेढ म्हणजे मंडपाचा पहिला खांब, हळदकुंकू लावून, आंब्याचा टहाळा आणि नारळ बांधून रोवायचा, तो रोवल्याशिवाय अंबरनाथ पूर्वेत एकाही मंडपाचं काम सुरू होत नाही.

"म्हणजे आपण जपानला जाऊन सणाच्या आधीच परत यायचं?"

"सण भूपेश बघंल," पप्पा म्हणाले. "मला बांधताना बघायचंय."

मी रात्रभर रुसून बसायचं ठरवलं होतं. पण ते आत गेले आणि खाटेच्या पायाला सुतळी गुंडाळायला लागले, तेव्हा माझा रुसवा आपोआपच संपला. प्लॅन माझा होता. तारीख तेवढी त्यांची.

थायलंड मला फक्त विमान बदलायला मिळालं. विमानतळावर मी बाटलीतलं थोडं पाणी स्वतःवर उडवून घेतलं. म्हणायला झालं की सण केला. क्योतोमध्ये आई आणि मी देवळं पाहिली, बाजार पाहिले, हिरवं आइस्क्रीम खाल्लं. पप्पा मात्र रोज सकाळी त्याच गल्लीत. लोकांनी आत येऊ नये म्हणून लावलेल्या दोरीच्या अलीकडे, दोन्ही हात पाठीमागे घेऊन. कोणी त्यांना काही विचारलं नाही, त्यांनीही कोणाला नाही. पण मी मागून पाहिलं. त्यांच्या पाठीमागे त्यांची बोटं चालू होती. समोरच्या माणसाने फेरा घेतला की यांचा फेरा, त्याने ओढलं की यांनी ओढलं. हातात काहीच नव्हतं.

शेवटच्या दिवशी रथाला भरजरी गालिचे चढायला लागले. बऱ्याचशा गाठी झाकल्या गेल्या. "हां," पप्पा म्हणाले, "आपल्यासारखंच," आणि निघाले.

सतराला अंबरनाथमध्ये पाऊस धो धो. मंडळाची माणसं छत्र्या धरून उभी, बाजूला ट्रसचा ट्रक, एकसारखे काळे टी-शर्ट घातलेली पोरं पाने घेऊन तयार. पप्पांनी खड्डा घेतला, बांबू उभा केला, चंदूकाकाने माती दाबली. भटजींनी कुंकू लावलं, ते लगेच ओघळलं. तेवढ्यात दादाचा व्हिडिओ कॉल आला.

"पप्पा, बघा बघा, निघाली!" मी फोन छत्रीखाली धरला. चिमुकल्या पडद्यावर तो भला मोठा रथ कोपऱ्यावर वळत होता. माणसं ओरडत होती. रथ कलला, हलला, आणि सरळ झाला.

पप्पांनी नीट पाहिलं. "हलतो," ते म्हणाले, "पण सुटत नाय," आणि परत बांबूकडे वळले. टहाळा आणि नारळ बांधायला लागले.

"ही कुठली गाठ?" चंदूकाकाने पप्पांना विचारलं.

मला माहीत होती. फेऱ्याला फेरा चिकटलेला, एकही दुसऱ्यावर न चढलेला. मी ती त्यांच्या पाठीमागे चार दिवस पाहिली होती.

"काथ्याला तितकी बसत नाय," पप्पा म्हणाले. "पेंढ्याची पायजे."

"काका, झालं का?" टी-शर्टवाल्या एका पोराने विचारलं. "आम्हाला चालू करायचंय."

पप्पांनी बांबूला दोन्ही हातांनी धरून सगळं वजन टाकून एकदा ओढून पाहिलं. तो हलला नाही.

"करा," ते म्हणाले.

मला वाटलं, आता ते घरी जाणार. पण त्यांनी एक बादली पालथी घातली, माझ्या हातातली छत्री घेतली आणि बसले. पोरांनी ट्रकातून पहिली अल्युमिनियमची कमान उतरवली, मग दुसरी. पप्पा बघत राहिले.