उंबऱ्याच्या अलीकडे

बोटानं ढकललं की चाक फिरत होतं. तीन इंची, रबरी, नव्या बेअरिंगचं… आवाज जवळजवळ नाहीच, फक्त थांबण्याआधी एक बारीकसा खर्र. तो कुठून येतो हे ऐकायला वीरुपाक्षने कान खाली नेला आणि मग तसाच बसून राहिला, कारण पुन्हा ताठ व्हायला कंबर तयार नव्हती. चार चाकांतलं हे शेवटचं. बाकीची तीन आडव्या पडलेल्या गाड्याला लावून झाली होती. जुन्या पलंगाच्या अँगलचा सांगाडा, मोडक्या कपाटाच्या प्लायचे तीन खण, वरती पत्रा. अठरा दिवस. नोकरीत असता तर गाडा दोन पाळ्यांत उरकला असता, आणि तेही गप्पा मारत.

पूर्णेच्या रेल्वेत तो चौतीस वर्षं फिटर होता. डब्यांच्या खाली वाकून ब्रेकचे ठोकळे बघायचे. कुठे किती घासलं आहे यावरून भार कुठे पडतो ते सांगायचं. जिथं घासलं तिथं भार, बाकी सगळ्या बाता — हे तो नव्या फिटरांना ऐकवत असे. रिटायर झाल्यावर पुढची खोली त्याने हत्यारांना दिली. पण खोली अंधारी, म्हणून लोखंड पकडायचा शिकंजा अंगणातल्या लिंबाखाली रोवलेला. रोज सकाळी हत्यारांची पेटी उचलायची, अंगणात न्यायची, संध्याकाळी आणायची. बारा वर्षं त्याने पेटीकडे वजन म्हणून पाहिलंच नव्हतं.

दिवाळीनंतर एका सकाळी पेटी उचललीच नाही गेली. उजव्या हाताला कळ नाही, वेदना नाही… नुसता जोर नाही. मग तो दोन पाने, एक कानस, पुन्हा आत, पुन्हा हातोडा, असे दहा हेलपाटे घालू लागला, आणि तेही बायको, भागम्मा, आत शिवपूजेला बसलेली असताना. तिला कळलं की ती मुलाला, शंभुराजला, फोन करणार. शंभुराज पुण्याहून आधीच म्हणत होता, “अप्पा, कशाला जीव काढायलाव त्या लोखंडात? आयटीआयच्या पोरायला देऊन टाका, अन् तुमी दोघं हिकडं या.” रविवारी तो टेम्पो ठरवूनच येणार होता. वीरुपाक्ष हो म्हणाला नव्हता, नाहीही म्हणाला नव्हता. त्याने मनाशी एवढंच ठरवलं होतं, की गाडा झाला आणि भरलेला गाडा लिंबाखाली गेला तर हत्यारं राहतील, मीही राहीन. नाही गेला तर शंभू म्हणेल ते.

चौथं चाक बसलं. गाडा उभा केला. खण भरताना मात्र त्याला बरं वाटलं, खरंच बरं वाटलं… पाने क्रमानं, कानशी फडक्यात, काटकोन बघायचा गुण्या वरच्या खणात, कारण तो रोज लागतो. दार सत्तावीस इंच, गाडा चोवीस. हे त्याने तीनदा मोजलं होतं. दोन्ही हातांनी ढकललं आणि एवढं वजन फरशीवरून सुरसुर निघालं. त्याला हसूच आलं.

आणि दाराशी गाडा धाडकन थांबला. खणातले पाने खळखळले.

उंबरा.

चार बोटं उंच, सागवानी, मधोमध विभूतीचे तीन पट्टे, दोन्ही कडांना हळदीकुंकवाची बोटं — भागम्मानं सकाळी लावलेली. वीरुपाक्ष बघतच राहिला. दाराची रुंदी तीनदा मोजणारा मी, आणि हा दिसला नाही? पण तो कधी दिसतच नव्हता. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही हे पायाला लहानपणीच शिकवलेलं. पाय आपोआप उचलला जायचा, डोळ्यांना विचारायची गरजच पडली नव्हती. सगळ्या पूर्णेत असा चुकणारा फिटर एकटा मीच असणार. फळी टाकून उतार करता आला असता… पण भरलेला गाडा चार बोटं चढवायला जोर लागतोच, आणि जोर असता तर गाडा केला कशाला असता? गाडा हातभर मागे ओढून तो स्टुलावर बसला. राग यायला हवा होता. राग येण्याइतकंही त्राण उरलं नव्हतं.

भागम्मा आतून आली, अंगणातले कपडे काढायला. गाडा बघून थांबली.

“झाला का? लय दिसांपास्नं ठोकायलाव.”

“झाला.”

तिनं चाकांकडे पाहिलं, उंबऱ्याकडे पाहिलं. “मंग काढून टाका की तो.”

“काय?”

“उंबरा.”

“अन् तुझी पूजा?”

“पूजा काय, भुईवर बी व्हती.” ती गाड्याच्या बाजूनं सरकली. “पेटी उचलंना झाली तवाच काढाय पाहिजे व्हता.”

म्हणजे तिला… दिवाळीपासून? आणि शंभूला तिने सांगितलं नाही?

ती बाहेर गेली. जाताना बांगड्या चौकटीवर वाजल्या, म्हणून त्याची नजर तिकडे गेली. तिनं डाव्या चौकटीला घट्ट धरलं, एक पाय पलीकडे टाकला, थांबली, मग दुसरा. तिच्या हाताखालचा रंग गेला होता. कमरेच्या उंचीवर पंज्याएवढी जागा, लाकूड उघडं पडलेलं, हळदीनं पिवळसर. हे एका महिन्याचं घासणं नव्हतं. चौतीस वर्षांच्या नजरेला ते सांगायला मोजपट्टी लागत नव्हती… दोन वर्षं, कदाचित तीन. आणि समोर, उजव्या चौकटीवर, तेवढ्याच उंचीवर तेलकट काळा डाग. तो कुणाचा हे विचारायची गरज नव्हती. आपण चौकट धरतो हे त्याला आत्ता कळत होतं.

चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या डब्यांखाली वाकलो. रोज या दारातून गेलो, आणि बायकोचा गुडघा दिसला नाही.

त्याने करवत काढली, मांडीवर ठेवली. विभूतीच्या पट्ट्यांवर ती टेकवायला हात होईना. परत खणात ठेवायलाही होईना. शंभूला काय सांगायचं, तेही सुचेना. थकवा तसाच होता, तितकाच. फक्त इतके दिवस तो एकट्याचा वाटला होता.

“चहा ठिवू का?” लिंबाखालून भागम्मानं विचारलं.

“थांब, मी येतो तिकडं,” तो म्हणाला. करवत गाड्यावर ठेवून उठला, दाराशी आला आणि तिचं लक्ष आहे हे बघून, सावकाश, तिला दिसेल अशी, त्याने उजवी चौकट हातानं घट्ट धरली.