पित्ताशय दिसेना

सासूबाईंना मशीनखाली झोपवून तास होत आला, तरी पडद्यावर पित्ताशय काही उगवेना. काचेपलीकडच्या खुर्चीत बसून सून टक लावून बघत होती. डॉक्टरीणबाईंनी तिला सगळं आधीच समजावलं होतं. शिरेत टोचलेलं औषध यकृत उचलतं, पित्तात सोडतं आणि तासाभरात पित्ताशय पडद्यावर चमकू लागतं. चमकलं नाही, तर त्याच्या तोंडाशी नळी तुंबली असं धरायचं आणि ऑपरेशन करायचं. सासूबाईंचं हृदय असं, की भूल दिल्यावर त्या जाग्या होतील याची हमी कुणी देत नव्हतं. म्हणून तर सून देव पाण्यात घालून बसली होती.

यकृत चमकलं. आतडंही चमकलं. मधली जागा मात्र काळीच राहिली.

"शेवटचं कधी जेवल्या?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"काल रात्री. मीच ताट दिलं."

"आणि त्याआधी?"

"रोज दोन्ही वेळा. ताट चाटूनपुसून परत येतं हो."

"जेवताना पाहिलंत?"

सासरे गेल्यापासून सासूबाई खोलीचं दार लावून जेवत. सुनेला वाटायचं, दुःख आहे, असू दे. शिवाय खरं सांगायचं तर घटकाभर सुटका तिलाही हवीच होती. ताट रिकामं म्हणजे माणूस जेवलं, इतका सोपा हिशोब करणारी ती काही जगातली पहिली सून नव्हे.

"पोटात अन्नच गेलं नाही, तर पित्ताशयाला रिकामं व्हायला कारण उरत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जुनं घट्ट पित्त आत साचतं, नव्याला जागा राहत नाही. मग चांगलं पित्ताशयसुद्धा इथे दिसत नाही. मला हे प्रकरण तसलं वाटतंय. बाई बरेच दिवस धड जेवलेल्या नाहीत."

"मग जेवण जातं कुठे?"

"ते त्यांनाच विचारा."

सुनेने विचारलं. सासूबाईंनी डोळेही उघडले नाहीत. "ते येतात ना जेवायला. फार भूक लागते गं त्यांना. त्यांच्यासमोर माझ्या घशाखाली घास कसा उतरेल?"

सून मनातल्या मनात ती खोली धुंडाळू लागली. खोलीच्या खिडकीला बारीक जाळी होती, घरात मांजर नव्हतं. आणि इतके दिवस ती ताटाच्या डाव्या बाजूला ठेवलेला चमचा उचलत आली होती. सासरे डावखुरे होते. सासूबाई नव्हत्या.

त्या दिवशी सासूबाईंना दवाखान्यातच ठेवून घेतलं. सुनेने समोर बसून एकेक घास भरवला, गोंजारून, दटावून, शेवटी चक्क रागावून. नवऱ्याचं जेवण शेजारणीने पोचवलं. दुसऱ्या दिवशी सांगितले तेवढे तास उपाशी ठेवून पुन्हा स्कॅन झाला. थोड्याच वेळात त्या काळ्या जागेत एक ठिपका उजळला आणि हळूहळू फुगत लिंबाएवढा झाला.

"नळी मोकळी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ऑपरेशन नको. घरी न्या आणि समोर बसवून खाऊ घाला."

सुनेला रडूच कोसळलं. इतकं हलकं तिला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं. रडत सासूबाईही होत्या, पण त्यांचं कारण वेगळंच होतं.

"मी पोटभर जेवले गं. काल ते कुणाकडे गेले असतील?"

"कुठे जात नाहीत ते, आई. तुम्ही पडा बघू," असं म्हणून सून बाहेर आली आणि तिने घरी नवऱ्याला फोन लावला. आधी आनंदाची बातमी सांगितली. तो नुसताच "बरं झालं" म्हणाला. त्याचा आवाज खोल गेला होता.

"अहो, काल जेवलात ना?"

पलीकडे ताट सरकवल्याचा आवाज आला.

"ताट तर रिकामं आहे," तो म्हणाला. "म्हणजे जेवलोच असणार."