ब्रेमलीचं पहिलं घर

ब्रेमलीत मी हॉटेल चालवते त्याला एकतीस वर्षं झाली, पण गावाच्या लेखी मी अजून "ती नवी आलेली बाई"च आहे. वेशीवरच्या पाटीवर लोकसंख्या अठ्ठावन्न लिहिलीय. त्यातले दोघं वारले, एक जण मुलीकडे सस्कॅटूनला राहायला गेला. आणि पाटी रंगवायचं काम नेमकं त्याच्याचकडे होतं.

१९८० साली आमच्या प्रांताच्या स्थापनेला पंचाहत्तर वर्षं झाली आणि गावोगावची इतिहासाची पुस्तकं निघायला लागली. शेजारच्या गावाचं पुस्तक आलं तेव्हा आमच्या निवृत्त शिक्षिका वर्नाबाई मॅक्लीश यांनी ते हातात तोलून पाहिलं. म्हणाल्या, "यांच्याकडे सांगण्यासारखं आहे काय? एकदा आग लागली होती, तेवढंच. आपलं याहून जाड झालं पाहिजे."

लगेच समिती बसली. प्रत्येक घराने आपापली दोन पानं लिहून द्यायची, आणि रस्त्याच्या कडेला गावच्या पहिल्या घरमालकाच्या नावाचा दगड उभारायचा, असं ठरलं. दगडावर नाव एकच, म्हटल्यावर भांडण ठरलेलंच होतं. टॉफ्टे आणि बोइचुक या दोन घरांत माझ्या आधीपासून बोलणं नव्हतं. सिगर्ड टॉफ्टे सकाळी दहाला कॉफीला यायचा. ओनुफ्री बोइचुक साडेदहाला. दारात गाठ पडलीच तर दोघंही मान वर करून आभाळ बघायचे, जसा काही पावसाचा अंदाज घेताहेत. हिवाळ्यात बर्फावर दगड सरकवण्याच्या खेळात मात्र दोघं एकाच संघात असत, कारण तेवढं नेमबाज गावात दुसरं कुणी नव्हतं. तिथे एकमेकांचे निरोप माझ्यामार्फत जायचे. "त्याला सांग, जरा हळू सोड." मी सांगायची. तो चार हातांवर उभा असायचा.

दोघांची पानं आली. सिगर्डने लिहिलं होतं, "माझे वडील हल्वार १९०४ साली या माळावर आले तेव्हा इथे वाऱ्याशिवाय कुणी नव्हतं." ओनुफ्रीला हे कुठून कळलं देव जाणे, पण त्याने लिहिलं, "माझे वडील सेमको आले तेव्हा वारासुद्धा नव्हता." वर्नाबाईंनी दोन्ही पानांवर लाल शाईने शेरा मारला: "आणि इथले मूळचे क्री लोक? ते काय हवा खायला आले होते?"

शेवटी त्यांनी दोघांना माझ्या हॉटेलात एकाच वेळी बोलावलं. ओनुफ्री आपल्या आईला घेऊन आला, कारण तिला घरी एकटी सोडली की ती शिडी लावून छपरावर चढायची. पारास्का आजी चौऱ्याण्णव वर्षांची होती. मी तिला खिडकीशी बसवून सफरचंदाचा पाय, म्हणजे सारण भरून भट्टीत भाजलेला गोड पदार्थ, दिला.

वर्नाबाईंनी टेबलावर पट्टी आपटली. "मुळात तुमचं भांडण कशावरून?"

"यांनी आमची शीव सरकवली," सिगर्ड म्हणाला.

"यांनी आमचा बैल विकला," ओनुफ्री म्हणाला.

"कुठला बैल? तुमच्याकडे बैल होता कधी?"

"विकल्यावर कसा असेल?"

"बाई, याला विचारा, बैलाचा रंग कोणता होता!"

"मी तेव्हा जन्मलो नव्हतो!"

"कोंबडी होती," खिडकीशेजारून आवाज आला.

सगळे वळले. आजी काट्याने बशीतला गोड तुकडा मोडत होती.

"काय म्हणालात, आजी?"

"बैल नाही, शीव नाही. कोंबडी."

मग तिने सांगितलं. आमच्या गावाचा सगळा इतिहास तिने बशी रिकामी व्हायच्या आत सांगून टाकला. हल्वारकडे गाडी होती, गाडीत लोखंडी चूल होती आणि एक कोंबडी. गाडीचं चाक इथल्या दलदलीत मोडलं, म्हणून तो थांबला. सेमको आणि त्याची नवी नवरी, म्हणजे ही, पाठीवर पिठाचं पोतं घेऊन पायी चालले होते. त्यांची जमीन आणखी चार मैल पुढे होती. एवढ्यात बर्फ पडायला लागला. एकाकडे चूल, दुसऱ्याकडे पीठ. तिघांनी मिळून गवताच्या मुळांसकट मातीचे ठोकळे कापले आणि एकच खोली उभारली. मधोमध दोरी बांधली. अलीकडे टॉफ्टे, पलीकडे बोइचुक, चूल दोरीखाली.

"म्हणजे पहिलं घर..." वर्नाबाईंनी पट्टी खाली ठेवली.

"दोघांचं. अख्खा हिवाळा. ते एका देशातले, आम्ही दुसऱ्या. एकमेकांची भाषा कुणाला येत नव्हती, म्हणून छान जमलं होतं."

"मग बिघडलं कुठे?" मी विचारलं.

"कोंबडी नाहीशी झाली. हल्वारला वाटलं सेमकोने खाल्ली. सेमकोला वाटलं, हल्वारने लपवून खाल्ली आणि आता आपल्यावर आळ घेतोय. बर्फ वितळला तसे दोघं दोन दिशांना गेले."

"आणि खाल्ली कुणी?"

आजीने तोंड पुसलं. "मी. पोटुशी होते. कोंबडीच्या रश्श्याचे डोहाळे लागले होते. ते दोघं लाकडं आणायला गेले, तेवढ्यात उरकून टाकलं. पिसं चुलीत घातली."

"आई!" ओनुफ्री उभाच राहिला. "पंचाहत्तर वर्षं तू बोलली का नाहीस?"

"मला कुणी विचारलं?"

सिगर्ड बोटांवर हिशेब करत होता. "आजी, १९०५ च्या वसंतात तुम्हाला कोण झालं?"

"हाच की," आजी ओनुफ्रीकडे काटा रोखून म्हणाली. "साडेनऊ पौंडांचा."

सिगर्ड आधी लाल झाला, मग त्याच्या पोटातून जो आवाज निघाला त्याला मी आधी खोकला समजले. तो हसत होता. इतक्या वर्षांत मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. "म्हणजे आमची कोंबडी तूच रे, ओनुफ्री!" ओनुफ्रीला राग आणायचा होता, पण कुणावर आणावा हे त्याला सुचेना. तो खाली बसला आणि त्याने सिगर्डचीच कॉफी पिऊन टाकली.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं म्हणाल तर आमचं गाव तुम्हाला कळलंच नाही. दगडावर दोन्ही नावं घालायची ठरली, तर वरचं नाव कुणाचं यावर तीन बैठका झाल्या. मग एका बाजूला टॉफ्टे आणि दुसऱ्या बाजूला बोइचुक असं कोरून घेतलं. पण रस्त्याकडे कुठली बाजू? शेवटी दगड आडवा न लावता रस्त्याकडे पातळ कड करून उभा केला. त्यामुळे गाडीतून जाणाऱ्याला फक्त चार बोटांची ग्रॅनाइटची पट्टी दिसते आणि माझ्या हॉटेलात न थांबता तो पुढच्या गावात जाऊन पोट भरतो.

अनावरणाच्या दिवशी बोइचुकांचा कोबीच्या पानांत गुंडाळलेला भात आणि टॉफ्टेंच्या बटाट्याच्या पातळ पोळ्या एकाच टेबलावर होत्या. सिगर्ड आणि ओनुफ्री एका बाकावर बसले होते. इतक्या वर्षांचं बोलायचं साठलं होतं. सुरुवात कुठून करावी हेच दोघांना कळत नसावं.

मग सिगर्डने घसा खाकरला.

"गहू कसा आहे?"

ओनुफ्रीने खूप विचार केला.

"उभा आहे," तो म्हणाला.